तलंगांचे पहिले अंडे आणि त्याआधीचे खाद्य : प्रकल्प नोंदी

१८ ऑगस्ट (वय १४ आठवडे)

आजपासून या कळपाची नोंद खाद्य आणि वजन या दोन अंगांनी ठेवत आहे. कळपात दोन जातींच्या तलंगा, म्हणजे अजून अंडी घालू न लागलेल्या तरुण कोंबड्या, आहेत : हलक्या बांध्याच्या पांढऱ्या लेगहॉर्न आणि जड बांध्याच्या ऱ्होड आयलंड रेड. दोन्ही गट एकाच दिवशी उबवलेले आहेत, परंतु त्यांच्या खोल्या पक्क्या भिंतीने वेगळ्या केल्या असल्यामुळे प्रत्येक गटाचे खाद्य आणि प्रकाश स्वतंत्रपणे ठरवता येतो. लेगहॉर्नसारख्या हलक्या जाती साधारणपणे १८ ते २० आठवड्यांत अंड्यावर येतात, म्हणजे अंडी घालू लागतात, तर जड आणि दुहेरी (अंडी आणि मांस अशा) उपयोगाच्या जातींना २० ते २४ आठवडे, कधी त्याहूनही अधिक काळ लागतो. खाद्याच्या पोत्यावर मात्र बहुधा एकच वय छापलेले असते. ते वय पाहून खाद्य बदलावे की पक्ष्याचे वजन आणि लक्षणे पाहून बदलावे, हे या नोंदींतून तपासायचे आहे. माझा कल दुसऱ्या पर्यायाकडे आहे.

सध्या दोन्ही गट ग्रोअर, म्हणजे वाढीच्या वयाच्या, खाद्यावर आहेत. त्यात सुमारे १६ टक्के प्रथिने आणि १ टक्क्याच्या आसपास कॅल्शियम आहे. पिल्लांना पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत दिलेल्या स्टार्टर खाद्यात प्रथिनांचे प्रमाण २० टक्के होते. शरीराचा सांगाडा या वयापर्यंत जवळजवळ पूर्ण घडलेला असतो आणि पुढे प्रामुख्याने स्नायू, चरबी आणि अंडाशय-अंडनलिका वाढतात. त्यामुळे पहिल्या तीन महिन्यांत जी तलंग आखूड राहिली तिला आता भरपूर खाऊ घातल्याने ती लांब होत नाही, फक्त लठ्ठ होते.

आज प्रत्येक पक्षी वेगळा तोलला. सर्वांचे एकत्र वजन करून सरासरी काढणे सोपे आहे, परंतु त्यातून कळपातील तफावत दिसत नाही. सरासरीच्या दहा टक्के वर आणि दहा टक्के खाली अशी मर्यादा धरली असता दहापैकी आठ पक्षी त्या मर्यादेत बसले, तर कळप एकसारखा मानतात. लेगहॉर्न या कसोटीला उतरल्या. ऱ्होड आयलंडमध्ये काही तलंगा हलक्या आढळल्या, म्हणून त्या खोलीत खाण्याची भांडी वाढवली आहेत. दुबळ्या पक्ष्याला मिळणारे खाद्य बहुतेक वेळा कमी नसते, तर भांड्यापाशी त्याला मिळणारी जागा कमी असते.

१ सप्टेंबर (वय १६ आठवडे)

प्रकल्पातील माझ्या सहकाऱ्यांनी आज असा प्रस्ताव मांडला की लेअर, म्हणजे अंडी घालणाऱ्या कोंबड्यांचे, खाद्य लवकरच लागणार असल्यामुळे ते आत्ताच सुरू करावे, म्हणजे दोन प्रकारची पोती सांभाळावी लागणार नाहीत. सोयीच्या दृष्टीने त्यांचे म्हणणे बरोबर होते, तरीही तो निर्णय आम्ही घेतला नाही. त्याचे कारण सविस्तर लिहून ठेवतो.

लेअर खाद्यात कॅल्शियम ३.५ ते ४ टक्के असते, म्हणजे ग्रोअरच्या जवळपास चौपट. अंडे घालणाऱ्या कोंबडीचे हे कॅल्शियम दररोज कवचात खर्च होते. वाढत्या तलंगीला ते खर्च करण्याची वाट नसते. आतड्यांतून शोषले गेलेले जादा कॅल्शियम बाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडांवर येते, आणि असे खाद्य कित्येक आठवडे चालू राहिले तर मूत्रपिंडांना इजा होते, मूत्रवाहिन्यांत खडे धरतात आणि युरिक आम्लाचे क्षार आतल्या अवयवांवर पांढऱ्या थरासारखे साचू लागतात. या नुकसानीची खूण त्या वेळी बाहेरून दिसत नाही. तलंग खाते-पिते, अंड्यावरही येते आणि उत्पादनाचा ताण वाढला की काही महिन्यांनी अचानक मरते. अशा वेळी मालक ताज्या आजाराचा शोध घेतो, परंतु कारण मागेच, वाढीच्या वयात घडून गेलेले असते. कळपात नर असतील तर त्यांच्या बाबतीतही हाच विचार लागू पडतो, कारण त्यांना कवच कधीच घडवायचे नसते.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. पहिले अंडे आले तरी कोंबडी ग्रोअरवरच राहिली, तर ती कवचासाठी स्वतःची हाडे झिजवते. म्हणून योग्य वेळेची खिडकी अरुंद आहे आणि ती प्रत्येक जातीसाठी वेगळी आहे.

तूर्त दोन्ही गट ग्रोअरवरच राहतील.

८ सप्टेंबर (वय १७ आठवडे)

अंडी घालण्याची खोकी बसवली. साधारणपणे ३० सेंटिमीटर लांब, रुंद आणि उंच असे एक खोके चार ते पाच कोंबड्यांना पुरते. खोकी खोलीच्या कमी उजेडाच्या बाजूला ठेवली असून त्यांत कोरडा भुसा पसरला आहे. बसण्याचे दांडे खोक्यांपेक्षा उंच लावले आहेत, कारण पक्षी रात्री सर्वांत उंच जागा शोधतात आणि खोकी उंच असतील तर त्यांतच झोपून ती घाण करतात. पहिल्या अंड्याच्या किमान दोन आठवडे आधी खोकी पक्ष्यांच्या ओळखीची व्हावीत, एवढ्याचसाठी हे काम आज केले.

१५ सप्टेंबर (वय १८ आठवडे)

लेगहॉर्नच्या खोलीत बदल स्पष्ट दिसू लागला आहे. बऱ्याच तलंगांचे तुरे फिकट गुलाबी होते, ते आता लाल, मोठे आणि स्पर्शाला ऊबदार झाले आहेत. चोचीखाली लोंबणारे मांसल पट्टेही भरले आहेत. पाठीवर हात ठेवताच काही तलंगा पंख थोडे पसरून खाली दबतात, आणि हे लक्षण पहिल्या अंड्याच्या अगदी जवळ दिसते. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना हाताला लागणारी जांघेची टोकदार हाडेही तपासली. वाढत्या तलंगीत या हाडांमध्ये जेमतेम एक बोट मावते, अंड्यावर येणाऱ्या तलंगीत दोन आणि पुढे चालू उत्पादनात तीनपर्यंत बोटे मावतात. ऱ्होड आयलंडच्या खोलीत यांपैकी काहीही नाही. वय तेच, खाद्य तेच, तरीही एका गटाचे शरीर पुढच्या टप्प्यात शिरले आहे आणि दुसऱ्याचे नाही.

लेगहॉर्नची सरासरी सव्वा किलोच्या किंचित वर गेली आहे आणि या बांध्याच्या पक्ष्यासाठी ती समाधानकारक आहे. म्हणून फक्त या गटाला आजपासून प्री-लेअर, म्हणजे ग्रोअर आणि लेअर यांच्या मधले, खाद्य सुरू केले. त्यात प्रथिने १७ टक्के आणि कॅल्शियम २ ते २.५ टक्के आहे. बदल एकदम न करता पहिल्या आठवड्यात जुने खाद्य कमी आणि नवे अधिक करत नेणार आहोत, कारण पोत आणि चव अचानक बदलली की पक्षी खाणे कमी करतात आणि या वयात खाण्यातला एक दिवसाचाही खंड परवडत नाही.

या मधल्या खाद्याची गरज काय, हे हाडांच्या आत पाहिल्याशिवाय समजत नाही. पहिल्या अंड्याच्या सुमारे दहा ते चौदा दिवस आधी अंडाशयातून स्रवणाऱ्या इस्ट्रोजेनच्या प्रभावाने कोंबडीच्या लांब हाडांच्या पोकळीत एक वेगळ्या प्रकारचे जाळीदार हाड तयार होऊ लागते. हा कॅल्शियमचा साठा असतो. शरीराचा भार पेलणे हे त्याचे काम नसते, तर कवच घडत असताना रक्तात लागणारे कॅल्शियम झटपट पुरवणे हे त्याचे काम असते. साठा भरण्याची संधी या मोजक्या दिवसांतच मिळते आणि तो रिकामा राहिला तर पहिल्या महिन्यापासूनच बाहेरच्या, भार पेलणाऱ्या हाडांवर ओढ येते. प्री-लेअर खाद्य नेमके या दिवसांसाठी आहे. ते पाच-सहा आठवडे लांबवण्यात अर्थ नाही, कारण चालू उत्पादनाला त्यातील कॅल्शियम अपुरे पडते.

याशिवाय एका वेगळ्या भांड्यात शिंपल्यांचा जाडसर चुरा ठेवला आहे. अंड्याच्या उंबरठ्यावर असलेल्या तलंगा तो स्वतःहून टिपतात आणि बाकीच्या त्याकडे फारशा वळत नाहीत. कॅल्शियमची भूक कोंबडीला वेगळी कळते, ही गोष्ट मला या सगळ्या कामातील सर्वांत विलक्षण वाटते.

२२ सप्टेंबर (वय १९ आठवडे)

आज लेगहॉर्नच्या खोलीत दिवा लावला. या सुमारास दिवस आणि रात्र जवळजवळ सारखे असल्यामुळे हिशेब सोपा होता : बारा तासांच्या नैसर्गिक उजेडात पहाटेचा एक तास मिळवला. यापुढे दर आठवड्याला अर्धा तास वाढवत एकूण प्रकाश १५ ते १६ तासांपर्यंत नेऊन तेथे स्थिर ठेवायचा आहे. वाढ पहाटे केली, म्हणजे संध्याकाळी उजेड आपोआप मंदावतो आणि पक्षी अंधारात अडखळण्यापूर्वी दांड्यावर जाऊन बसतात.

प्रकाशाची नोंद खाद्याच्या वहीत येण्याचे कारण असे की दिवा हा अंडाशयाला दिलेला आदेश असतो आणि तो पाळण्याची शिदोरी शरीरात आधी असावी लागते. कोंबडीचा मेंदू डोळ्यांप्रमाणेच कवटीतून आत झिरपणाऱ्या उजेडालाही प्रतिसाद देतो, आणि तांबूस छटेचा उजेड अधिक खोल पोहोचतो म्हणून पिवळसर-तांबूस दिवे निवडले आहेत. वजन अपुरे असताना प्रकाश वाढवला तर तलंग अंड्यावर येते खरी, परंतु अंडी बराच काळ लहान राहतात, अंडनलिका बाहेर येण्याचा धोका वाढतो आणि उत्पादन लवकर खचते. म्हणून वाढीच्या काळात प्रकाशाचे तास वाढवू नयेत आणि अंडी सुरू झाल्यावर ते कमी होऊ देऊ नयेत, हे दोन नियम कटाक्षाने पाळायचे आहेत. ऱ्होड आयलंडच्या खोलीत आज दिवा लावलेला नाही.

१ ऑक्टोबर (वय २० आठवडे)

लेगहॉर्नच्या खोलीत पहिली अंडी मिळाली. ती अपेक्षेप्रमाणे लहान, सुमारे ४० ग्रॅमची आहेत, परंतु कवच स्वच्छ आणि टणक आहे.

गेल्या काही दिवसांत या गटाचे खाणे थोडे घटले होते. पहिल्या अंड्याच्या आधी तीन-चार दिवस असे होणे स्वाभाविक आहे. त्या वेळी घाबरून चवीसाठी धान्य वाढवण्याचा मोह होतो. तो टाळला, कारण आधीच कमी खाणाऱ्या पक्ष्याने पोट धान्याने भरले तर प्रथिने आणि कॅल्शियम दोन्ही आणखी घटतात.

आजपासून या गटाला लेअर खाद्याकडे नेण्यास सुरुवात केली. संपूर्ण गट अंड्यावर येण्याची वाट पाहायची नाही, असे आधीच ठरले होते. पहिली अंडी देणाऱ्या तलंगाच सर्वांत जोमदार असतात आणि उशिरा बदल केला तर नुकसान त्यांचेच होते. मागे राहिलेल्या तलंगांना दोन-तीन आठवडे लेअर खाद्य मिळाल्याने फारसे बिघडत नाही, कारण त्याही आता प्रौढत्वाच्या जवळ आहेत. १४ आठवड्यांच्या पक्ष्याची आणि २० आठवड्यांच्या पक्ष्याची स्थिती एक नव्हे.

६ ऑक्टोबर

खोक्यांत आज कवच नसलेले, नुसत्या पातळ पडद्यातील एक अंडे, दोन बलकांचे एक मोठे अंडे आणि लिंबाहून लहान, बलक नसलेले एक अंडे मिळाले. सहकारी काळजीत पडले. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत असे होतेच, कारण अंडाशय आणि अंडनलिका यांचा मेळ अजून बसलेला नसतो. एकाच वेळी दोन बलक सुटले की दोन बलकांचे अंडे होते. बलक सुटलाच नाही आणि तरी नलिका कामाला लागली की बलकाविना अंडे होते. एक अंडे पुरेसा वेळ न थांबता पुढे सरकले की त्यावर कवच चढत नाही. हाच प्रकार महिन्याभरानंतरही वारंवार दिसला तर मात्र खाद्यातील कॅल्शियम, फॉस्फरस आणि जीवनसत्त्व ड३ तपासावे लागेल. खाद्यात कॅल्शियम भरपूर असूनही ड३ कमी असेल तर आतड्यांतून ते शोषले जात नाही.

१३ ऑक्टोबर (वय २२ आठवडे)

लेगहॉर्नचे खाणे वाढले आहे. १८व्या आठवड्यात एक पक्षी दिवसाला ७५ ते ८० ग्रॅम खात होता, तो आता ९५ ग्रॅमपर्यंत आला आहे आणि १०० ते ११० ग्रॅमवर स्थिरावेल असा अंदाज आहे. या वयात कोंबडी एकाच वेळी दोन कामे करते : अंडी घालते आणि स्वतःही अजून वाढते. त्यामुळे तिचे खाद्य मोजून कमी करण्याची ही वेळ नव्हे. दिवसभर भांड्यात खाद्य असले पाहिजे.

कवचाचा हिशेब आज सहकाऱ्यांसमोर मांडला. ५५ ग्रॅमच्या अंड्याचे कवच साधारण साडेपाच ग्रॅमचे असते. ते जवळजवळ सर्वच कॅल्शियम कार्बोनेट असल्यामुळे एका अंड्यात दोन ग्रॅमहून थोडे अधिक शुद्ध कॅल्शियम जाते. कोंबडी खाल्लेल्या कॅल्शियमपैकी साधारण निम्मेच शोषते. म्हणजे रोज चार ग्रॅम पोटात गेले पाहिजे, आणि १०५ ग्रॅम खाद्यात ३.८ टक्के कॅल्शियम असेल तरच ते जमते. आता याच कोंबडीला शंभर ग्रॅममधील तीस ग्रॅम धान्य दिले तर काय होते, तेही मोजले. उरलेल्या सत्तर ग्रॅम लेअर खाद्यातून कॅल्शियम २.७ ग्रॅमच्या आत येते. धान्यातून जवळपास काहीच मिळत नाही. प्रथिनेही १७ ग्रॅमवरून साडेचौदा ग्रॅमवर घसरतात. कोंबडी धान्य आवडीने खाते, म्हणून ते पौष्टिक आहे असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात धान्य, स्वयंपाकघरातील उरलेले पदार्थ आणि हिरवा पाला हे सर्व मिळून एकूण खाण्याच्या दहा टक्क्यांच्या आत राहावे, असे ठरवून घेतले आहे. धान्य संध्याकाळी जमिनीवरच्या भुशाच्या गादीवर विखरून दिले की गादीही उकरली जाते.

अख्खे धान्य द्यायचे तर ते दळण्यासाठी टणक खडेही द्यावे लागतात. कोंबडीला दात नसतात आणि पोटाच्या जाड स्नायूंच्या भागात, म्हणजे पेट्यात, हे खडे धान्य भरडतात. हे खडे आणि शिंपल्यांचा चुरा यांची गल्लत होऊ देऊ नये : शिंपला पोटातील आम्लात विरघळतो आणि कॅल्शियम देतो, तर ग्रॅनाइटसारखा खडा विरघळत नाही आणि फक्त दळण्याचे काम करतो. दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत ठेवले आहेत.

ऱ्होड आयलंडच्या काही तुऱ्यांवर आज प्रथमच लाली दिसली. वजनही अपेक्षित रेषेवर आले आहे. या गटाला प्री-लेअर खाद्य सुरू केले आणि पहाटेचा दिवाही लावला.

२७ ऑक्टोबर (वय २४ आठवडे)

ऱ्होड आयलंडचे पहिले अंडे मिळाले, लेगहॉर्नपेक्षा जवळपास चार आठवडे उशिरा. हा उशीर जातीच्या स्वभावानुसार आहे. १६व्या आठवड्यात दोन्ही गटांना एकदम लेअर खाद्य दिले असते, तर या गटाने सुमारे दोन महिने चौपट कॅल्शियम निष्कारण पचवले असते.

या खोलीत काही अंडी कोपऱ्यातील गादीवर मिळाली. ती सकाळी लवकर उचलतो आणि तो कोपरा भिंतीलगत फळी लावून मोडून काढला आहे. जमिनीवर अंडे घालण्याची सवय पहिल्या पंधरवड्यात मोडली नाही तर पुढे मोडत नाही, आणि फुटलेल्या अंड्याची चव लागलेली कोंबडी अंडी फोडून खाऊ लागते.

१० नोव्हेंबर (वय २६ आठवडे)

लेगहॉर्नचे उत्पादन चढत आहे, परंतु काही कवचे टोकाकडे पातळ जाणवली. खाद्यातील टक्केवारी योग्य आहे. म्हणून लक्ष वेळेकडे वळवले. बलक सुटल्यापासून अंडे बाहेर येईपर्यंत सुमारे २४ ते २६ तास लागतात. त्यांपैकी पांढऱ्या भागाला तीनेक तास, त्यावरच्या पडद्यांना तासाभराहून थोडे अधिक आणि कवचाला १८ ते २० तास लागतात. बहुतेक अंडी सकाळी घातली जात असल्यामुळे कवच चढण्याचा मुख्य काळ रात्रीत येतो, म्हणजे नेमका कोंबडी काहीही खात नसते तेव्हा. बारीक दळलेली चुनखडी तोपर्यंत आतड्यांतून पुढे निघून गेलेली असते. दोन ते चार मिलिमीटर आकाराचे जाड कण मात्र पेट्यात अडकून रात्रभर हळूहळू विरघळतात.

त्यानुसार शिंपल्यांच्या चुऱ्याचे भांडे दुपारनंतर भरण्याचा क्रम ठरवला आणि चुरा चाळून त्यातील पीठ काढून टाकले. दिवसाच्या खाद्याचा मोठा वाटाही दुपारनंतर भांड्यात पडेल अशी वेळ बांधली.

पाण्याची भांडी वाढवली. कोंबडी खाद्याच्या साधारण दुप्पट वजनाचे पाणी पिते आणि उकाड्यात त्याहून बरेच अधिक. अंड्याचा जवळपास तीन चतुर्थांश भाग पाणीच असल्यामुळे काही तास भांडे कोरडे राहिले तरी उत्पादन घटते, आणि घट भरून यायला कित्येक दिवस लागतात.

२४ नोव्हेंबर (वय २८ आठवडे)

कवचे सुधारली आहेत. ऱ्होड आयलंड पूर्णपणे लेअर खाद्यावर आल्या.

अंडी न देणाऱ्या पक्ष्यांचा शोध आज रंगावरून घेतला. पिवळ्या कातडीच्या जातींत खाद्यातील पिवळा रंग बलकात जाऊ लागला की कातडीतील रंग ठरावीक क्रमाने उतरतो : आधी गुदद्वाराभोवतीचा, मग डोळ्यांच्या कडांचा, मग चोचीचा आणि सर्वांत शेवटी, काही महिन्यांनी, पायांचा. गुदद्वाराभोवती अजून पिवळ्या असलेल्या मोजक्या तलंगांना खूण केली आहे. त्यांचे वजन करून पाहिले तेव्हा त्यांपैकी बहुतेक १४व्या आठवड्यातही हलक्याच नोंदल्या होत्या.

८ डिसेंबर (वय ३० आठवडे)

लेगहॉर्न शिखरावर आहेत. दर दहा कोंबड्यांमागे दिवसाला नऊ अंडी मिळत आहेत आणि अंड्याचे वजन ५५ ग्रॅमच्या पुढे गेले आहे. ऱ्होड आयलंडचा चढ अजून चालू आहे.

शिखर गाठल्यावर प्रथिने कमी करून खर्च वाचवावा का, हा प्रश्न आज चर्चेला आला. उत्पादन शिखरावर असले तरी अंड्याचा आकार आणि कोंबडीचे वजन दोन्ही अजून वाढत आहेत. बलक झपाट्याने भरण्यास सात ते दहा दिवस लागत असल्यामुळे आज केलेल्या कपातीचा परिणाम अंड्यांत उशिराच उमटेल, आणि तो दिसेल तेव्हा आणखी आठवडाभराची अंडी आधीच ठरून गेलेली असतील. म्हणून १७ टक्के प्रथिने कायम ठेवली आहेत. दर पंधरा दिवसांनी नमुन्याच्या पक्ष्यांचे वजन आणि अंड्यांचे सरासरी वजन मोजायचे, आणि दोन्ही स्थिर झाल्याचे दिसले की प्रथिने अर्ध्या टक्क्याने उतरवून पाहायची. कॅल्शियम मात्र त्या वेळी उतरवायचे नाही. वय वाढेल तसे अंडे मोठे होत जाते आणि कोंबडीची कॅल्शियम शोषण्याची क्षमता घटते, त्यामुळे ते ४ टक्क्यांकडे सरकवण्याची तयारी ठेवावी लागेल.

पुढचे वजन २२ डिसेंबरला.